इनोयतचे तबक आणि माझी इतर मालमत्ता

सर्वांत दयाळू अशा अल्लाहचे नाव आधी, माझे मागून. मी होसियत, सुऱ्या घडवणारे मरहूम सुरीसाज यूसुफजान यांची पत्नी, वय एकाहत्तर, शिक्षण दहावी पास, धंदा घरकाम, राहणार इस्तरवशन, कालव्याकाठचा वरचा मोहल्ला, जर्दाळूचे झाड भिंतीबाहेर झुकलेले घर, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे की :

माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने गेल्या हिवाळ्यात किती पोती कोळसा लागला ते विचारावे, मी वही न बघता सांगेन. हृदयाची झडप मात्र ठिकाणावर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाला, आता जड उचलायचं नाही आणि मनाला लावून घ्यायचं नाही." पहिले मी सोडले. दुसरे सुटावे म्हणून हा कागद.

घरदार वाटायला शरियत समर्थ आहे, त्यासाठी मला एवढी शाई लागली नसती. पण एका बाईचा हक्क माझ्याकडे सात वर्षे पडून आहे. नमाज चुकली तर तिचा मालक माफ करील. माणसाचा हक्क ज्याचा त्यानेच माफ करायचा असतो, असे मला आईने शिकवले आणि मी माझ्या मुलांना शिकवले. त्या बाईचे नाव इनोयत. ती कलम सहामध्ये येईल. तोपर्यंत वारसांनी धीर धरावा.

कलम १. माझे कफन निळ्या पेटीत तळाशी, साबणाच्या दोन वड्यांसह बांधून ठेवले आहे. नवीन आणू नये. मला न्हाऊ घालणाऱ्या बायकांना द्यायचे कापड त्याच गाठोड्यात आहे, आखूड पडणार नाही, मी मोजून घेतले आहे. मयतीच्या चाळिसाव्या दिवशी एकच मेंढा कापावा. "होसियतने मरतानाही हात आखडला," असे कोणी म्हणेल तर म्हणू द्यावे. जिवंतपणीही म्हणतच होते.

कलम २. घर, अंगण आणि जर्दाळूचे झाड माझा मुलगा इल्होम आणि मुलगी रोहत यांना शरियतच्या हिश्श्याप्रमाणे जावे. इल्होम रशियात बांधकामावर आहे. तो दर वेळी फोनवर म्हणतो, "अम्मा, लाकडी दरवाजा काढून लोखंडी बसवू." बाळा, मी असेपर्यंत नाही. नंतर तुझा दरवाजा, तुझी मर्जी. पण लाकडी दरवाजा जाळू नकोस. तो तुझ्या वडिलांनी स्वतः बसवला आहे आणि त्याची कडी बाहेरूनही उघडते. लोखंडी दरवाज्यांच्या कड्या फक्त आतूनच उघडतात.

कलम ३. सून शहनोजा हिला कायद्याने माझ्याकडून काही मिळत नाही. म्हणून शरियत मर्जीने द्यायला मोकळा ठेवते त्या माझ्या एक तृतीयांशातून स्वयंपाकघर, तंदूर, समोवार आणि माझ्या कानातली चांदीची फुले तिला द्यावीत. नवरा परदेशी असताना अकरा वर्षे तिने मला औषध वेळेवर दिले आणि एकदाही आदळआपट केली नाही. चहा फार गडद करते, तेवढे तिने सुधारावे. इल्होम परत येवो न येवो, तिला या घरातून कोणी ऊठ म्हणायचे नाही. म्हणेल त्याला मी राजी नाही, हे इथे लिहून ठेवते.

कलम ४. यजमानांची ऐरण, तीन हातोडे आणि भाता पुतण्याला. धाकटे दीर सोबिर यांना मी काही देत नाही, कारण त्यांनी एकोणीस उन्हाळे आमच्या पाळीचे पाणी पहाटेच आपल्या वाफ्यात वळवले आणि वर मला टोमॅटो आणून दिले. टोमॅटो चांगले होते. सबब ते पाणी मी माफ करते. त्यांनी मयतीला यावे.

कलम ५. पाहुण्यांची खोली. ही खोली घरात मोजावी, पण तिच्यात दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आमच्या वाचनाच्या बैठकीला बसू द्यावे, निदान तीन बायका शिल्लक असेपर्यंत. भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवलेली दोनशे चौदा पुस्तके बैठकीची आहेत, माझी नाहीत. मोहल्ल्याच्या वाचनालयाची इमारत फर्निचरवाल्याला गेली तेव्हा ग्रंथपाल तुहफा हिने ती हातगाडीवर घालून पावसात आणली, माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आपा, आत घे नाहीतर मी यांच्यासकट कालव्यात उडी मारते." मी घेतली. पुस्तकांपेक्षा तिची काळजी वाटली.

आम्ही नऊजणी होतो. पाळी घराघरांतून, कालव्याच्या वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत, पाणी जाते तशी. ज्या घरी पाळी तिथे जेवण. एकीने वाचायचे, बाकीच्यांचे हात चालू : कोणी तांदूळ निवडते, कोणी जर्दाळूच्या बिया फोडते, कोणी गादीला टाके घालते. मध्ये बोलायचे नाही, प्रकरण संपले की बोलायचे. चर्चेची वही माझ्याकडे, कारण माझे अक्षर सरळ आहे.

वाचायची बहुतेक वेळा इनोयत. ती सगळ्यांत शेवटी बैठकीत आली, कालव्याच्या टोकाच्या एका खोलीच्या घरातून. लग्नांत आणि मयतींत ती भांडी घासते. सोड्याने तिची बोटे चिरली आहेत, म्हणून ती पान बोटाच्या पेराने उलटते. पण वाचू लागली की कोणाची सुई पुढे सरकत नसे.

सात वर्षांपूर्वी तुहफाने ठरवले की यंदा वर्षभर गरीब-श्रीमंत याच विषयावर वाचायचे. म्हणाली, "आधी मोहल्ल्यात सगळ्यांचेच दरवाजे लाकडी होते. पोरं रशियात गेली आणि काहींचे लोखंडी झाले. यावर बोलायचं की नाही?"

मावजुदा हिचा दरवाजा सगळ्यांत आधी लोखंडी झाला, वर दोन मोरही आहेत. ती म्हणाली, "बोला की. माझ्याच दरवाज्यापासून सुरू करा. मोरांना कान नाहीत."

त्या हिवाळ्यात आम्ही एका धोबिणीची कादंबरी वाचत होतो. तिची मालकीण दर शुक्रवारी तिच्याकडे उरलेला रस्सा पाठवते, चांगला मांस घातलेला. तुहफाने विचारले, "ही मालकीण चांगली की वाईट?"

"चांगली," मावजुदा म्हणाली. "काही न देणाऱ्या काय कमी आहेत?"

मी म्हटले, "कोणाला न दाखवता देते, म्हणजे पुण्यच."

इनोयतने पानात बोट ठेवून पुस्तक मिटले. "दीडशे पानं झाली. त्या बाईने धोबिणीच्या घरचं एकदा तरी काही खाल्लं का?"

"धोबिणीकडे होतंच काय?" मावजुदाने विचारले.

"चहा होता की. बत्तिसाव्या पानावर करते ती. तुम्ही तेव्हा बिया फोडत होता."

सगळ्या हसल्या, मावजुदा सर्वांत मोठ्याने. इनोयतचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आणि खाली रेघ मारली. माझ्या अक्षरात ते अजून तिथे आहे. समजले मात्र मला नव्हते.

कलम ६. इनोयतचे तबक. हे मातीचे, निळ्या झिलईचे, काठाला एक टवका उडालेले, दोन हातांनी उचलावे लागणारे तबक माझ्या फडताळात वरच्या कप्प्यात आहे. ते माझ्या मालमत्तेत धरू नये. ते माझ्याकडे कसे आले ते मी लिहिते, कारण माझ्यानंतर कोणी सांगणार नाही. एका शहनोजाला माहीत आहे आणि ती सासूची चुगली करणार नाही.

पुढची पाळी इनोयतची होती, आयुष्यातली पहिली. मी मनाशी विचार केला : एक खोली, मातीचे छप्पर, हिवाळ्याचे दिवस, पदरात दोन मुली. नऊजणींना कुठे बसवील आणि काय वाढील? मला तिची दया आली. अल्लाह साक्षी आहे, त्यात दुसरे काही नव्हते. मी घरोघर जाऊन सांगितले, "या गुरुवारी माझ्याकडेच या." तिला सांगायचे शेवटी ठेवले, कारण तिला काय शब्दांत सांगावे ते सुचेना. शेवटी गुरुवारी सकाळी शहनोजाजवळ पिठाचे पोते आणि तेलाचा डबा देऊन निरोप धाडला की तू त्रास घेऊ नकोस, इकडेच ये.

शहनोजा पोते आणि डबा तसेच घेऊन परत आली.

"अम्मा, तिथे अंगण शिंपडलंय. भिंतींना ताजा चुना आहे. नऊ गाद्या घातल्यात, पाच तर मागून आणलेल्या दिसतात. चुलीवर कढई आहे."

"मग ती काय म्हणाली?"

"आधी पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आपांना सांग, जेवण मागाहून येतंय."

आपल्याकडे पाळीचे घर ओलांडून पुढे जात नाहीत. ज्या घरात कोणी जेवायला येत नाही त्या घराला घर म्हणत नाहीत. हे मला सत्तर घरांनी शिकवले होते, आणि तरी मी तिची पाळी ओलांडली, वर पीठ पाठवले.

दुपारी तिच्या मुलींनी दोघींनी धरून ते तबक थेट स्वयंपाकघरात आणून दिले, पाहुण्यांना दिसले नाही. पुलाव. गाजर लांब चिरलेले, वर लसणाचे अख्खे गड्डे, तांदळाचा दाणा दाण्याला चिकटलेला नाही. त्या वेळीही हातचे काही गेले नव्हते. पाहुण्या बसल्या होत्या, त्यांना म्हणायचे होते, "उठा, आपली पाळी खाली आहे." चार घरांचे अंतर. पायांत जोडे घालायचा अवकाश. पण समोवार उकळत होता, दस्तरखान पसरले होते, आणि मी सांगितले असते तर सगळ्यांनी विचारले असते की असे का झाले.

मी तबक मध्ये ठेवले.

मावजुदाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "होसियत, इतकी वर्षं हा हात कुठे लपवून ठेवला होतास?"

मी म्हटले, "घ्या, घ्या, गार होईल."

हे खोटे नव्हते. म्हणून आजवर ते मला खोट्यापेक्षा जास्त टोचते.

पंधरा दिवसांनी मावजुदाने नानवाल्याच्या दुकानी इनोयतला सांगितले, "तू त्या दिवशी होसियतच्या पुलावाला मुकलीस बघ." संध्याकाळी मी कालव्यावर किटली घासत होते. इनोयत येऊन उभी राहिली.

"आपा, मीठ बरोबर होतं ना?"

"होतं."

"बरं झालं."

एवढेच. त्यानंतर ती बैठकीला आली नाही. सलाम करते, मयतीला येते, माझ्या आजारपणात अंगण झाडून गेली, पण आत बसली नाही. वाचन तुहफाकडे आले. ती अशी वाचते की जणू पुस्तके परत न करणाऱ्यांची यादी वाचत आहे.

राहिले तबक. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, ही रीत. मी ते घासूनपुसून ठेवले आणि काय घालावे याचा विचार करू लागले. पहिल्या आठवड्यात हलवा केला. तबकात घातला आणि लाज वाटली, तोंड गोड करून गप्प करायला निघाल्यासारखी. ईदला मांस घातले. तेव्हा ती मालकीण आठवली, शुक्रवारचा रस्सा पाठवणारी. जर्दाळू घातले, काढले. काहीही घातले तरी पुन्हा देणारी मीच आणि घेणारी तीच. अशी सात वर्षे गेली. तबक माझ्या घरात आहे आणि रोज तोंड धुताना मला दिसते.

सबब मी लिहून देते की हे तबक इनोयतला पोचवावे, आणि त्यासोबत माझ्या एक तृतीयांशातून नऊ नव्या मखमली गाद्या द्याव्यात, म्हणजे तिच्या घरी नऊजणी बसतील तेव्हा तिला मागून आणाव्या लागणार नाहीत. आणि तो पुलाव तिचा होता हे चाळिसाव्याच्या जेवणात सर्वांसमोर वाचून दाखवावे. इनोयत, राजी हो, तुझा हक्क मला माफ कर. हयातीत विचारायला माझे तोंड उघडले नाही.

येथवर मजकूर मंगळवारी पुरा झाला.

दुरुस्ती. खालील मजकूर मी गुरुवारी दुपारी, सह्यांच्या वेळी, साक्षीदार समोर बसलेले असताना लिहीत आहे. अक्षर हलले आहे ते झडपेमुळे नव्हे.

साक्षीला एक पुरुष आणि दोन बायका लागतात. पुरुष म्हणून मोहल्ल्याचे मुखत्यार उस्ताद नबीजान, बायकांत मावजुदा आणि तुहफा, असे ठरले होते. तुहफाला लेकीच्या बाळंतपणासाठी राजधानीला, दुशंब्याला जावे लागले. उस्तादांनी मला न विचारता वाटेत भेटली ती बाई आणली. दारातून म्हणाले, "वहिनी, ही कालव्यावर पाणी भरत होती, म्हटलं, चल, एक सही कर." मागे इनोयत, हात ओले.

कागद साक्षीदारांना वाचून दाखवावा लागतो. उस्तादांचा एक डोळा मोतीबिंदूच्या पट्टीखाली. ते म्हणाले, "इनोयत, तू वाच. तुझं वाचन चांगलं असं ऐकलंय." मी म्हणाले, मीच वाचते. ते म्हणाले, लिहिणाऱ्याने वाचायचं नसतं, लिहिणाऱ्याने ऐकायचं असतं.

तिने वाचले. सात वर्षांनी या खोलीत तो आवाज. कफनाला मावजुदा हसली, टोमॅटोला उस्ताद हसले. कलम सहा आले. इनोयतचा आवाज बदलला नाही. "मीठ बरोबर होतं ना," हे तिने अगदी कालव्यावर विचारले होते तसे वाचले.

मावजुदाच्या हातातली सुई खाली पडली. "अगं, तो पुलाव हिचा? सात वर्षं मी या होसियतच्या मागे लागलेय कृतीसाठी! आणि ही मला सांगते, अंदाजाने घालते!"

"आपा, मध्ये बोलू नका," इनोयत म्हणाली. "प्रकरण संपू दे."

तिने शेवटपर्यंत वाचले आणि कागद गुडघ्यावर ठेवला. मग उस्ताद घसा साफ करून म्हणाले, "यात तुझं नाव आहे, पोरी. घेणारीला साक्ष देता येत नाही. मी दुसरी बाई बघतो."

"कशाला? सही मी करते. नाव खोडा."

"गाद्या घे ग," मी म्हटले. "मनापासून देतेय."

"तुम्ही कधी मनाविरुद्ध दिलंय, आपा? ते पीठही मनापासूनच होतं." ती तबकाकडे बघत होती. "आणि हे तर माझंच आहे. माझं मलाच मृत्युपत्राने देताय होय?"

"मग कसं देऊ? रिकामं कसं पाठवू?"

"रिकामंच. आणि पाठवू नका, घेऊन या. येता गुरुवार शेवटचा आहे. पाळी माझी आहे. सगळ्यांना घेऊन या."

"मी पण येणार," मावजुदा म्हणाली.

"तुम्ही तर याच. कृती नाही सांगणार."

मी तिचा हात धरला. सोड्याने चिरलेली ती बोटे माझ्या हातात होती. मी विचारले, "इनोयत, राजी आहेस?"

ती म्हणाली, "आधी जेवा. मग विचारा."

त्यावरून खालीलप्रमाणे दुरुस्ती करते. कलम सहामधील गाद्यांचे दान रद्द समजावे. त्या बैठकीला द्याव्यात आणि पाळीचे घर मागेल तेव्हा त्या घरी न्याव्यात, कालव्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगालाही. पुलाव कोणाचा हे चाळिसाव्याची वाट न बघता मावजुदा आजच सर्वांना सांगेल. तिला थांबवणे शक्यही नाही.

तबक मी येत्या गुरुवारी, नोव्हेंबरच्या पंचवीस तारखेला, माझ्या हातांनी नेईन. जड उचलू नकोस असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, पण रिकामे तबक फार जड नसते.

त्याआधी माझे काही झाले तर : माझ्या घरात तीन दिवस चूल पेटणार नाहीच. शहनोजाने तबक रिकामे घेऊन पुढे चालावे, बैठकीच्या सर्व बायकांनी मागून जावे, आणि माझ्या दारी रडायला बसण्यापूर्वी इनोयतच्या घरी बसून पोटभर जेवावे. हात धुतल्यावर मावजुदाने माझ्या वतीने तिला तो प्रश्न विचारावा. उत्तर काहीही असो, चर्चेच्या वहीत, मी जिथे रेघ मारली आहे तिच्याखाली लिहावे.

याखेरीज मला काही सांगायचे नाही.

लिहून ठेवणार : होसियत (सही)

साक्षीदार :
नबीजान, मोहल्ल्याचा मुखत्यार (सही, एका डोळ्याने)
मावजुदा, मोरांच्या दरवाज्याचे घर (सही)
इनोयत, कालव्याच्या टोकाचे घर, वाचून दाखवणार. या कागदाखाली काहीही घेत नाही (सही)

मुक्काम इस्तरवशन, गुरुवार, अठरा नोव्हेंबर दोन हजार एकवीस.